थोरलीचा हात

घरात सगळे तिला थोरली म्हणत. समोरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. संध्याकाळी मशीनवर झाकण पडलं की ती धाकट्या जावेबरोबर टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळायला बसे. गेमचा डबा धाकटीनं माहेरून आणलेला. दोघींचं सूत जुळलं ते त्या शर्यतीपायीच, आणि थोरलीनं धाकटीला हरवण्याचा सपाटाच लावला होता.

मग जुना, मागे पोट सुटलेला टीव्ही एकदाचा बंद पडला. दिरानं मित्राकडचा वापरलेला सपाट टीव्ही आणून बसवला, आणि थोरलीची गाडी दर वळणावर भिंतीवर आदळू लागली.

"वय झालं आता," नवरा हसत म्हणाला. थोरलीही हसली, पण ते मनात सलत राहिलं. नाजूक कापड शिवायला आलं की ती काहीतरी सबब सांगून परत पाठवू लागली. एका संध्याकाळी तिनं खेळायचा रिमोट धाकटीच्या मांडीवर ठेवला. "तूच खेळ गं. माझे हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत."

धाकटीनं वाद घातला नाही. सुट्टीच्या दिवशी तिनं गेमचा डबा पिशवीत घातला आणि दारात उभी राहिली. "चला जाऊबाई, टीव्ही घ्यायचाय."

दुकानात शिरताच थोरलीचे डोळे दिपले. भिंतभर टीव्हीत मासे पोहत होते, हात लावला तर ओला होईल असे. विक्रेता त्याचंच कौतुक सांगू लागला.

"छान आहे दादा, पण आम्हाला परवडणारे दाखवा," धाकटी म्हणाली. "आणि आधी खेळून बघू द्या."

"खेळून? बघा की!" त्याला गंमत वाटली. त्यानं एका टीव्हीला डबा जोडून दिला.

थोरली बसली. पहिल्याच वळणाला गाडी भिंतीवर. तिची मान खाली गेली. "बघ, सांगत होते ना."

"हरण्याजिंकण्याचं सोडा," धाकटी म्हणाली. "बोट दाबल्यावर गाडी कधी वळते, तेवढंच सांगा."

थोरलीनं पुन्हा दाबलं. सुई कापडात कधी उतरते हे तिला न बघता कळायचं. तसंच लक्ष तिनं आता बोटाकडे दिलं. "मी आधी दाबतेय... आणि ही बया मागून येतेय!"

"तेच तर! चित्र नटवण्याच्या नादात टीव्हीच मागे पडतो. आपल्या घरचा तर फारच. मला शंका आली म्हणून डबा मैत्रिणीकडे नेऊन जोडला, तर तिथे गाडी सुसाट. घरी मी आपली नकळत वळणाआधीच बोट दाबत होते, म्हणून माझी गाडी आदळत नव्हती."

"थांबा, गेम मोड लावतो," विक्रेता म्हणाला. चित्राचा थाट जरा उतरला, गाडी जरा सुधारली. थोरलीनं तरी नाक मुरडलं. मग कोपऱ्यातला, गेल्या वर्षीचा, आकारानं बेताचा टीव्ही त्यानं गेम मोडवरच लावून दिला. थोरलीनं बोट दाबलं आणि गाडी वळली. पुन्हा वळली. सगळी शर्यत तिनं भिंतीला न शिवता संपवली. विक्रेत्यानं दुसरा रिमोट घेतला, तर त्यालाही मागे टाकलं.

"हाच," ती म्हणाली.

ती धाकटीकडे बघत राहिली. नवरा हसला होता, खुद्द आपणही आपल्या हातावर फुली मारली होती. या एका पोरीला मात्र त्या हाताचा संशय आला नाही. तिनं समजूत काढली नाही की पाठ थोपटली नाही, डबा उचलून खरं काय ते शोधत हिंडली.

"माझ्या सख्ख्या बहिणीनंही एवढं केलं नसतं," थोरली म्हणाली.

"बहिणीला तुम्ही इतकं हरवलं नसेल," धाकटी वायरी गुंडाळत म्हणाली.

दोघींनी मिळून पैसे भरले. खोकं रिक्षात मांड्यांवर आडवं घेऊन त्या घरी आल्या. दोघा भावांनी टीव्ही लावेपर्यंत त्यांना धीर नव्हता. पहिली शर्यत थोरलीनं जिंकली. पुढच्या दोन्ही धाकटीनं जिंकल्या, अगदी दयामाया न करता, एकदा तर वळणावर धक्का देऊन. थोरली खो खो हसत सुटली. या पोरीनं मुद्दाम हरून दाखवलं नाही, याचंच तिला सगळ्यात कौतुक वाटलं.