डोहाची हद्द

मी आबाजी गुरव. जाखमातेची पूजा आमच्या घरात किती पिढ्यांची, ते मोजायला मला कोणी शिकवलं नाही. कौल लावायला शिकवलं, नैवेद्य दाखवायला शिकवलं आणि डोहातल्या माशांना त्या नैवेद्याचा भात घालायला शिकवलं. त्यातलं तिसरं काम मला फार आवडायचं. देवी काही बोलत नाही आणि गावकरी नको तेवढं बोलतात; मासे निदान खाऊन मुकाट्याने निघून जातात.

कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला आमची नदी वळायची, तिथे तो डोह होता आणि काठावर देऊळ. डोहात खडस मासे होते, हातभर लांब, जाड खवल्यांचे. ते देवीचे, म्हणून कोणी त्यांना हात लावत नसे. पण डोहाला हद्द होती. वर उंबराचं झाड, खाली काळा कातळ. कातळाच्या खाली आलेला खडस देवीचा नव्हे, कातकरवाडीचा. तिथे त्यांनी खुशाल जाळं टाकावं. या हद्दीवरून कधी भांडण झाल्याचं माझ्या आजोबांनीही सांगितलं नाही.

मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर तिसऱ्या वर्षी धरण झालं. कोणासाठी झालं, ते आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही. आम्हीही कोणाला नीट विचारलं नाही. गाव टेकाडावर जाऊन बसलं. पावसाळ्यात पाणी चढलं, डोह बुडाला, कातळ बुडाला, उंबर बुडाला आणि शेवटी देऊळ. देवीची शिळा मी डोक्यावर घेऊन वर आणली. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. सगळं गाव काठावर रडत उभं होतं, मागे वाडीची माणसं उभी होती. तेव्हा मालोजी पाटलांनी मला सर्वांदेखत विचारलं, की आता देवीचा डोह कुठला म्हणायचा?

मला राग आला होता. धरणवाल्यांचा, पाटलांचा, पाण्याचा. मी म्हणालो, "जिथवर पानी, तिथवर डोह. आई बुडाली नाय. आई वाढली."

लोक माझ्या पाया पडले. कोणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. अंगात कोणी आलं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. पण वाक्य मला आवडलं. चार दिवस मी मान ताठ ठेवून फिरलो. त्या वाक्याने कोणाच्या ताटातलं काढून घेतलं, हे मला दिसलं नाही. मागे खांद्यावर जाळं घेऊन धाऊ कातकरी उभा होता. त्याने जाळं खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं आणि हात जोडले.

चैत्रात तळं उतरतं. कडेचं पाणी उथळ आणि कोमट होतं, आणि मासे कडेला येतात. तेव्हा जाळंही नको, टोपली बुडवली तरी पुरे. आणि नेमके तेच दिवस वाडीचे उपासाचे. शिमग्याला कणगी रिकामी होते. पुढे पाऊस पडेपर्यंत कंदमुळं आणि मासे. दोन वर्षं त्यांनी धरणाच्या खाली राहिलेल्या डबक्यांवर भागवलं. तिसऱ्या वर्षी डबकीही आटली. वर एवढं मोठं तळं माशांनी खदखदत होतं आणि वाडीतला एक माणूस त्यात पाय घालत नव्हता. बरीचशी वाडी कोळसा पाडायला घाटात निघून गेली. धाऊचं घर राहिलं, कारण त्याची बायको चिमा बाळंत झाली होती.

चिमाचं पहिलं मूल दूध नाही म्हणून गेलं होतं. ही दुसरी, मुलगी, आणि पुन्हा तेच. धाऊची आई कोंडी म्हणजे वाडीची सुईण. बाळंतिणीला ताज्या खडसाचा रस्सा पाजला की दूध उतरतं, हे तिचं औषध, आणि ते लागू पडलेलं मी कितीदा तरी पाहिलं होतं. सुकी मासळी देऊन झाली, काही उपयोग झाला नाही. मी म्हशीचं दूध पाठवलं, ते मुलीला पचेना. गावात एक ओली बाळंतीण होती, तिच्या सासूपुढे मी हात जोडले. कातकऱ्याचं पोर सुनेच्या छातीला? तिने माझ्या तोंडावर दार लावलं. मुलगी रडायची तेव्हा मांजराच्या पिलासारखा आवाज यायचा, आणि तोही दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

मी धाऊला म्हणालो, टाक जाळं, पाप मला लागू दे. तो नुसता हसला. मग मी ठरवलं की जे देवीच्या नावाने बांधलं ते देवीच्याच नावाने सोडवायचं. गाव जमवलं. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार. पाकळी किती ओली केली की किती वेळ टिकते, हे गुरवाला कळतं. कळतं म्हणूनच तो तसं करत नाही. तीस वर्षांत मी केलं नव्हतं. त्या दिवशी उजवी पाकळी मी जवळजवळ कोरडीच लावली, आणि वाडीला कडेच्या पाण्यात मासे धरू द्यावेत का म्हणून देवीला विचारलं.

उजवी पडली. पाटील म्हणाले की कौल तो कौल, आमची ना नाही. मला हायसं वाटलं. मी धावतच वाडीवर गेलो.

धाऊने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, त्या दिशी तुमी कुनाचाच इचार करून बोलला नव्हता. म्हनून ती आई बोलली. आज तुमाला माजी दया आली. आज तुमी बोलला."

मी त्याला खरं सांगितलं. त्या दिवशीही मीच बोललो होतो रं, अंगात कोणी नव्हतं, रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोललो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तापात बरळणाऱ्या माणसाकडे पाहतात. म्हणाला, असं बोलू नगा, तुमालाच बाधंल. आपणच मारलेली गाठ आणि आपल्याच नखांना सुटेना. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

तळं झालं तरी मी रोज सकाळी काठावर भात घालतच होतो. डोहातले जुने चारपाच खडस टाळी वाजवली की यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात घातला, नैवेद्याचाच, गुलालाचं बोट लागलेला. ते आले. एक तर नेहमी हातातून खाई. त्याला मी खाऊ दिलं, पोटभर खाऊ दिलं, आणि मग कल्ल्यांखाली दोन्ही हात घालून बाहेर ओढला. नारळ फोडायच्या दगडाने मारला. तो फार धडपडला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मला मासा साफ करता येत नाही. नुसतं डोकं तोडलं, खवले कसेबसे खरवडले, पानात गुंडाळला आणि धाऊ लाकडं आणायला रानात गेलेला पाहून कोंडीच्या हातात दिला. माझ्या मेव्हण्याने नेरळकडच्या नदीतून आणलाय, म्हणून सांगितलं. कोंडीने एकदा माशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चूल पेटवायला बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. म्हातारी हसत होती, रडत होती, मला ओढत होती. चिमाला दूध आलं होतं. असं आलं होतं की चोळी भिजून चालली होती. मी तिच्यामागून वाडीवर गेलो. झोपडीच्या दारात धाऊ बसला होता, आत चिमा मुलीला पदराखाली घेत होती. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

आणि कोंडी आनंदाच्या भरात बोलून गेली. "आईनंच धाडला व्हता गं त्यो मासा. पोट फाडलं तर आत परसादाचा भात, गुलाल लागल्याला. मी कुनाला बोलले नाय. आईनं आपल्या हातानं जेवू घालून धाडला."

चिमाचा हात थांबला. तिने मला विचारलं, "आबा, तळ्यातला व्हता?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. खोटा कौल लावलेला माणूस मी, मेव्हण्याचं खोटं नाव घेतलेला माणूस मी. आणखी एका खोट्याने माझं काय वाढणार होतं? पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी खाली पाहिलं. तेवढं तिला पुरलं.

तिने पदर ओढून घेतला आणि मुलगी धाऊच्या मांडीवर ठेवली. "आईच्या लेकराला मारून आल्यालं दूध," ती म्हणाली, "माज्या लेकराला कसं पाजू?"

कोंडीने तिला शिव्या दिल्या, मग तिचे पाय धरले. ही आईची कृपा आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मीही वाकलो, कातकरणीच्या पायाशी गुरव. चिमाने माझे हात हळूच बाजूला केले. "तुमीच तर सांगितलं व्हतं," ती म्हणाली. रागाने नव्हे. धाऊ मुलीला थोपटत राहिला.

मग त्यांनी ठरवलं की ज्याचं त्याला परत करायचं. चिमा पळसाच्या द्रोणात दूध पिळायची, धाऊ तो दोन्ही हातांत धरून तळ्यावर यायचा, गुडघाभर पाण्यात उतरून सोडायचा आणि नमस्कार करायचा. सकाळी एक द्रोण, संध्याकाळी एक. मी काठावर उभा असायचो. त्याच्या हातातून द्रोण हिसकावून घ्यावा, असं मला दर वेळी वाटायचं. मग नेऊन कोणाच्या तोंडात घालणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. गाव म्हणालं, आईचा मासा घरात शिजला, आणखी काय होणार. त्यानंतर त्या तळ्यात कोणी टोपलीसुद्धा बुडवली नाही.

द्रोण मात्र आणखी आठ दिवस येत राहिला. दूध थांबतच नव्हतं.