बदलांच्या वहीचे फाटलेले पान

मी एक जुनी कात्रणवही आहे. बडोद्यातल्या वाडी भागात एका करसल्लागाराच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरी एखादी वही उघडा. माझे एक पान फाडले गेले आहे. ज्याने ते फाडले त्याला मी क्षमा केलेली नाही, आणि करणारही नाही.

गुजरातेत विक्रीकर जाऊन व्हॅट आला, त्या वर्षी माझा जन्म झाला. श्रीकृष्णराव खासनीस यांनी गल्लीतल्या बाइंडरला मुद्दाम सांगून मला बांधून घेतले. तीनशे जाड पाने, मेणदोऱ्याची शिवण आणि पाठीला लाल कापड. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांनी गायकवाड सरकारचे दप्तर सांभाळले होते. कागद नीट ठेवणे त्यांच्या रक्तातच होते.

माझे काम साधे होते. कराच्या कायद्यात काही बदलले की श्रीकृष्णराव वर्तमानपत्रातले किंवा राजपत्रातले तेवढे कात्रण कापत आणि खळ लावून माझ्या पानावर चिकटवत. पण त्यांची खरी शिस्त त्याखाली होती. "हे कोणाला सांगायचे" असे लिहून ते नावे मांडत. पेन्शनवर जगणारे शिक्षक, बांगडीवाले, शिंपी, फरसाणवाले, मकरपुऱ्यातले छोटे लेथवाले. ज्याने निरोप पोहोचवला त्याने त्या नावापुढे "सांगितले" लिहून तारीख आणि सही करायची, असा नियम होता.

"कायदा कळला म्हणजे अर्धं काम झालं," ते म्हणत. "ज्याच्या पोटावर तो येणार, त्याला कळलं की पुरं झालं."

वाडीत माझे कौतुक होते. दुकानदार येत, माझ्यावर बोट ठेवत आणि विचारत, "काका, आमच्यासाठी काही नवं?" नोटाबंदी आली, मग जीएसटी आला. दर महिन्याला फॉर्म बदलले, तारखा बदलल्या. मी फुगत गेले. तरी श्रीकृष्णरावांच्या एकाही माणसाला उशिरा कळले, असे कधी झाले नाही. मला त्याचा गर्व होता.

त्यांच्या हाताखाली गजेंद्र मोहिते अकरा वर्षे होता. हुशार, गोड बोलणारा, हिंडाफिरायला तयार. तो लाल शाईच्या पेनाने लिहायचा. लिहिल्यावर टीपकागद दाबायचा कंटाळा करायचा आणि ओल्या शाईवरच मला धाडकन मिटायचा. श्रीकृष्णराव रागवत. तो हसून म्हणे, "साहेब, वाळते हो आपोआप."

आता नयनाबेनची हकीकत सांगते. त्या फरसाणाच्या दुकानांना पुठ्ठ्याची खोकी करून देत. नवऱ्याच्या आजारपणात त्यांची विवरणपत्रे भरायची राहिली आणि त्यांचा जीएसटी नंबर रद्द झाला. नवरा गेला, नंबरही गेला. नंबराच्या बिलाशिवाय मोठी दुकाने माल घेईनात. मग २०२३ च्या पावसाळ्यात सरकारने सवलतीची मुदत वाढवली. जुने रद्द झालेले नंबर पुन्हा चालू करण्यासाठी एकतीस ऑगस्टपर्यंत अर्ज करायचा होता. श्रीकृष्णरावांनी ते कात्रण लगेच चिकटवले, खाली पहिलेच नाव नयनाबेनचे लिहिले आणि गजेंद्रला सांगितले, "आजच्या आज जा. त्या बाईचं सगळं यावर आहे."

गजेंद्र गेलाच नाही. का गेला नाही, ते मला ठाऊक नाही. ऊन असेल, क्रिकेटचा सामना असेल. संध्याकाळी त्याने मला उघडले, लाल शाईने ओळ लिहिली आणि ती ओली असतानाच मला मिटले. मी एक खोटी सही पोटात घेतली.

सप्टेंबरात नयनाबेनना दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्या भर बाजारातून चालत आल्या आणि ऑफिसच्या पायरीवर उभ्या राहून ओरडल्या, "काका, कायदो बदलायो ने तमे मने कह्युं पण नहीं!" आजूबाजूच्या दुकानांतून लोक बाहेर आले. श्रीकृष्णराव उठले. "बेन, थांबा. कायदा बदलला आणि सांगितलं नाही, असं कसं होईल? वहीत आहे. मी निरोप पाठवला होता." ते मला घ्यायला आतल्या खोलीत वळले.

पण त्यांच्याआधी गजेंद्र आत शिरला होता. मित्रांनो, पान फाटताना केवढा आवाज होतो, ते माणसांना कळत नाही. बाहेरच्या गलक्यात तो कोणालाच ऐकू गेला नाही. पान त्याच्या खिशात गेले आणि मी श्रीकृष्णरावांच्या हातात आले.

त्यांनी मला पुढून चाळले, मागून चाळले. ते कात्रण कुठेच नव्हते.

"असेल साहेब, राहून गेलं असेल," गजेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असे, मायेने म्हणाला. "वयाप्रमाणे होतं. कायदा तर रोज बदलतो."

श्रीकृष्णराव खाली बसले. "मी चिकटवलंच नसेल," ते म्हणाले. "बेन, माझी चूक झाली."

त्या एका वाक्यासाठी मी गजेंद्रचा सूड मागितला. वहीला हात नसतात, म्हणून फक्त मागितला.

दिवाळीपर्यंत गजेंद्रने समोरच्याच इमारतीत स्वतःचे ऑफिस उघडले. काचेचे दार, थंड हवा आणि श्रीकृष्णरावांचीच गिऱ्हाइके. नयनाबेन दुसऱ्याच्या कारखान्यात खोकी चिकटवायला जाऊ लागल्या. श्रीकृष्णरावांनी ऑफिस बंद केले. पण खरे नुकसान ऑफिसचे नव्हते. त्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला होता. ते गॅस बंद करत आणि परत जाऊन पाहत. मुलीला विचारत, "नीरा, मी औषध घेतलं ना? तू पाहिलंस ना?" कोणाचे नाव घेतानाही ते अडखळू लागले. मला त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. गोणीखाली मी आठ महिने दबून होते.

नीरा त्यांची एकुलती एक मुलगी. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत हिशेबखात्यात होती. जूनमधल्या एका रविवारी सकाळी रद्दीवाला येणार म्हणून तिने गठ्ठा सोडला. मला टाकवेना म्हणून तिने मला आरशासमोरच्या फळीवर उघडे ठेवले आणि केस विंचरू लागली. विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

फाटलेले पान गेले होते, पण त्याच्या समोरचे पान माझ्याजवळच होते. ओली लाल शाई त्या पानाच्या मोकळ्या कडेवर उमटली होती. नुसते पाहिले तर लाल डाग दिसत. आरशात मात्र स्वच्छ वाचता येत होते: "नयनाबेन यांना सांगितले. २४ जुलै. गजेंद्र मोहिते."

नीराने ते तीनदा वाचले. मग शिवणीजवळ अडकलेली फाटलेल्या पानाची चिंधी चाचपली. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मग असा झाला की मलाही भीती वाटली.

"आत्ता नाही," ती माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आत्ता सांगितलं तर गजेंद्र म्हणेल, पोरीनं बापासाठी काहीतरी खरडलंय. बाबांना चूक कबूल करताना ज्यांनी ऐकलं, त्या सगळ्यांसमोर सांगीन. आणि तोवर त्याच्यापाशी काही उरू देणार नाही."

मला आनंद झाला, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

नीराने अभ्यास केला, करसल्लागाराची परीक्षा दिली, नोकरी सोडली आणि वाडीतले ऑफिस पुन्हा उघडले. माझ्या उरलेल्या पानांवर ती कात्रणे चिकटवू लागली, खाली नावे लिहू लागली. ती नावे बहुतेक गजेंद्रच्या गिऱ्हाइकांची असत. आयकराची जुनी पद्धत हवी असेल तर आता वेगळे सांगावे लागते, हे तिने शिंप्याला जाऊन सांगितले. चुकलेले विवरणपत्र दुरुस्त करायची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे झाली, हे निवृत्त शिक्षकांना सांगितले. गजेंद्र मोबाइलवर आलेला संदेश गिऱ्हाइकांना पुढे पाठवायचा आणि काम झाले म्हणायचा. नीरा पायऱ्या चढायची.

२०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. खोकी आणि फरसाण दोन्ही बारा टक्क्यांवरून पाचवर आली. बावीस तारखेला दर लागू व्हायचा होता. वीस तारखेच्या दुपारपर्यंत नीराने सगळी गल्ली पालथी घातली होती. गजेंद्रची गिऱ्हाइके आठवडाभर जुन्याच दराने बिले फाडत राहिली. त्यांतली बरीच पुढच्या महिन्यात पायरी चढून आमच्याकडे आली. प्रत्येक नव्या माणसाच्या पावलागणिक समोरच्या काचेच्या दारामागचा चेहरा मला आठवे, आणि माझ्या जिवाला गारवा वाटे.

तरी नीराचे समाधान होईना. ती त्या दिवसाची वाट पाहत होती. यंदाच्या मार्चमध्ये तो आला.

एक एप्रिलपासून नवा आयकर कायदा येणार होता. व्यापारी मंडळाने त्यावर सकाळचे व्याख्यान ठेवले आणि वक्ता म्हणून गजेंद्रला बोलावले. हॉल भरला होता. नीरा वडिलांना हाताला धरून घेऊन आली. नयनाबेनना तिने स्वतः बोलावून आणले होते. मी तिच्या पिशवीत होते.

फरसाणवाल्याने विचारले, "नव्या कायद्यात असेसमेंट इयर कसं लिहायचं?"

"जसं लिहिता तसंच," गजेंद्र हसला. "कलमांचे नंबर बदललेत, बाकी काही नाही."

नीरा उभी राहिली. "गजेंद्रराव, नव्या कायद्यात तो शब्दच नाही. एक एप्रिलनंतरच्या कमाईला नुसतं टॅक्स इयर. या जुलैत भराल ते विवरणपत्र मात्र अजून जुन्या कायद्याचं. दोन्हींची गल्लत केली तर यांना नोटिसा येतील."

हॉलमध्ये कुजबुज झाली. गजेंद्र पाणी प्यायला. "नीराताई, बारीकसारीक गोष्टी रोज बदलतात. माणूस विसरतो."

"हो. अडीच वर्षांपूर्वी तुम्ही हेच म्हणाला होता. माझ्या बाबांबद्दल." तिने मला काढून टेबलावर उघडले आणि पर्समधला छोटा आरसा नयनाबेनकडे दिला. "बेन, असा धरा. आणि गजेंद्रराव, तुम्ही मोठ्यानं वाचा."

"हे काय नाटक आहे?"

"अक्षर तुमचंच आहे. वाचा."

तो वाचेना. मग नयनाबेननी स्वतःच वाचले. त्यांना मराठी वाचायला वेळ लागत होता, एकेक अक्षर सुटे पडत होते. "नय-ना-बेन यांना सांगि-तले." त्यांनी वर पाहिले. "कोणाला सांगितलं? मला? कधी?"

गजेंद्र दाराकडे पाहू लागला. मग तो पुटपुटला, "मी... नंतर जाणार होतो. पान मी रागाने नाही फाडलं. घाबरलो होतो."

पान फाटल्याबद्दल त्याला कोणीच विचारले नव्हते.

तो क्षण मी चाटूनपुसून घेतला. लोक एकेक करून उठले. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. ते फक्त त्याच्याकडे पाठ करून श्रीकृष्णरावांकडे वळले. गजेंद्र दोन पावले पुढे आला. "साहेब, माफ करा."

"माफी आमच्याकडे मिळत नाही," नीरा म्हणाली. "दार तिकडे आहे."

नयनाबेन श्रीकृष्णरावांच्या पायाशी बसल्या. "काका, मी तुम्हाला भर बाजारात बोलले." त्या रडत होत्या. पण श्रीकृष्णरावांचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. ते मला मांडीवर घेऊन त्या लाल डागांवरून अंगठा फिरवत होते.

"म्हणजे मी चिकटवलं होतं," ते म्हणाले. "विसरलो नव्हतो. माझं डोकं ठीक होतं."

"ठीकच होतं बाबा. पहिल्यापासून."

त्यांनी मान वर केली. किती दिवसांनी ते असे सरळ पाहत होते! "तुला कधी कळलं हे?"

नीरा हसत होती. ते हसू तसेच राहिले आणि मग हळूहळू उतरले.

"कधी कळलं, नीरा?"

"पावणेदोन वर्षं झाली."

श्रीकृष्णरावांनी लाल डागांवरून अंगठा उचलला. पावणेदोन वर्षे ते रोज गॅस दोनदा पाहत होते. पावणेदोन वर्षे ते मुलीलाच विचारत होते, मी औषध घेतलं ना. त्यांनी मला मिटले आणि टेबलावर ठेवले. काठी घेऊन ते एकटेच हॉलबाहेर गेले. नीरा मागे धावली. त्यांनी हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

आता गजेंद्रचे काचेचे दार बंद आहे. तो जवळच्या पादरा गावात कोणाच्या तरी हाताखाली काम करतो म्हणे. मला त्याची दया येत नाही. श्रीकृष्णराव सकाळी ऑफिसात येऊन बसतात, लोकांशी बोलतात, नावे बिनचूक घेतात. मुलीशी मात्र कामापुरतेच बोलतात. नव्या कायद्यासाठी तिने नवी वही केली आहे. मी वरच्या फळीवर असते, आणि तिथून मला ती दोघे दोन टेबलांवर पाठमोरी दिसतात.

मित्रांनो, मला सूड हवा होता आणि तो मला मिळाला. तो गोड होता, हे मी नाकारत नाही. पण एवढे माझे ऐका. कायदा असो की घरातली गोष्ट, जे तुम्हाला कळले आहे ते ज्याच्या जिवाशी निगडित आहे, त्याला त्याच दिवशी जाऊन सांगा. चांगला मुहूर्त पाहू नका. गजेंद्रने एका बाईला सांगितले नाही, म्हणून आम्ही त्याला उभा जाळला. नीराने आपल्या वडिलांना सांगितले नाही, आणि मी तिला शाबासकी देत होते.