तिरपी धरलेली लेखणी

मित्रांनो, जावा बेटावरच्या लासेम गावात एका अंगणात राहणारी मी मेणाची जुनी लेखणी. बांबूची मूठ, सुपारीएवढी तांब्याची वाटी आणि तिला वाकडी चोच, एवढाच माझा संसार. कढत मेण पोटात घ्यायचं आणि कापडावर वेलबुट्टी काढायची. जिथे मेण बसतं तिथे रंग चढत नाही.

सुमार्ती माझी मालकीण. मेण अडू नये म्हणून दर रेघेआधी ती माझ्या चोचीत हलकेच फुंकर घालायची. त्या फुंकरीवरच मी जगले. मेण कोमट असलं की ती वैतागायची. कोमट मेण आत मुरत नाही, वरवर बसतं आणि रंगात बुडवलं की सुटून जातं.

म्हातारपणी तिच्या आठवणींचं तसंच झालं. तरुणपणचं सगळं मुरलेलं होतं, पण सकाळचा चहा दुपारपर्यंत पुसला जाई. मग माणसांची नावं गेली. मीही चुलीमागे पडले.

तिची लेक वार्तिनी सुराबाया शहरातून आईला सांभाळायला आली. रोज विचारायची, "आई, मी कोण?"

"तुम्ही पलीकडच्या आळीतल्या ना?" सुमार्ती अदबीने म्हणे. "बसा, चहा घ्या."

आमच्या जावात ही अदब परक्यांसाठी असते. आई लेकीशी असं बोलत नाही. ते ‘तुम्ही’ ऐकून वार्तिनी मागच्या दारी जाऊन रडायची. आईने एकदा तरी ‘पोरी’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

एका सकाळी तिने मला शोधून काढलं, केसाने माझी चोच साफ केली आणि मेण तापवलं. त्या वासाने सुमार्ती आपणहून येऊन बसली. वार्तिनीने रेघ ओढायला घेतली आणि मेण टपकन सांडलं.

"परत तिरपी धरलीस? सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आण इकडे, पोरी."

सुमार्तीने मला ओढून घेतलं, फुंकर घातली आणि त्या डागाभोवती पाकळ्या काढून त्याचं फूल केलं. तिचे हात काहीच विसरले नव्हते. त्या हातांची मी जन्माची ऋणी आहे.

"अजून रागव ना, आई," वार्तिनी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

दुपारी सुमार्ती पुन्हा ‘तुम्ही’वर आली. मित्रांनो, विसरलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नका, त्याचं काम त्याच्या हाती द्या. वार्तिनी आता काहीच विचारत नाही. ती रोज सकाळी मेण तापवते, आईला जवळ बसवते आणि मला मुद्दाम तिरपं धरते.