तळव्यातला आवाज

लोनी क्रेब्स बेसबॉल संघाचा राखीव कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. अकरा वर्षं तो मैदानाच्या कुंपणापलीकडे बसून चेंडू फेकणाऱ्या पिचरांचे हात, ते खेळात उतरण्याआधी, गरम करून देत होता. चेंडू ग्लोव्हच्या जाळीत घेतला की हात वाचतो. तळव्यावर घेतला की हात सुजतो, पण आवाज असा कडाडतो की पिचरला वाटतं, आज आपण आग ओकतोय. लोनी मुकाट तळव्यावर घ्यायचा.

आज शेवटचा डाव होता आणि संघ जेमतेम एका धावेने पुढे. अडतीस वर्षांचा पिचर अर्विन टॅगर्ट, त्याचा जुना मित्र, त्याच्याकडे चेंडू फेकत होता. आवाज कडाडत होता, पण चेंडूत जीव नव्हता. लोनीच्या तळव्याला ते कळत होतं.

कुंपणाजवळचा फोन खणखणला. "अर्विनला मैदानात पाठवू का?" मॅनेजर खेकसला. "हो की नाही? दातखीळ बसली का?"

लोनीने सुजलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मित्राकडे बघायची त्याची छाती होईना.

"बरं केलंस," अर्विन म्हणाला. "दोन वर्षं ठाऊक आहे मला, लेका. वेग माझ्या हातात नाही, तुझ्या तळव्यात आहे. आता बस खाली. शेवटचा एक घे, आणि आवाज काढ."