सोबिरजानची वाचनखोली

फरगाना खोऱ्यातली सर्वांत जुनी सार्वजनिक वाचनालयं मी एकोणीस वर्षं शोधत होते. कोकंदच्या तेराकली मोहल्ल्यातलं एक बसकं मातीचं घर त्यातलं पहिलं, अशी माझी खात्री होती. पण खात्रीला कागद नव्हता, आणि रस्ता रुंद करायचा म्हणून ते घर पाडायचं ठरलं होतं. शुक्रवारपर्यंत पुरावा आणा, असं नगरपालिकेतल्या ओताबेकनं सांगितलं.

दफ्तरखान्यात तीन दिवस धूळ खाऊन त्या घराच्या मालकाचं नाव तेवढं सापडलं. सोबिरजान, राहणार तेराकली. त्याची मुलगी राबिया रिश्तोनला आहे, हे कळताच गुरुवारी मी तिकडे धावले.

राबियाबुवी, म्हणजे राबियाआजी, शहाऐंशी वर्षांच्या. त्या आपल्या मोतीबिंदूबद्दलच बोलत राहिल्या. शेवटी मी त्यांचे पाय धरले. एखादं पुस्तक, वाचकांची यादी, एखादा शिक्का, काहीही द्या म्हटलं. त्यांनी सुनेला चहाच्या निमित्तानं बाहेर धाडलं.

"आम्हीच जाळलं," त्या म्हणाल्या. "बाबांना पकडून नेलं त्या आठवड्यात. तेव्हा सरकारनं अरबी लिपीवर बंदी घातली होती; घरात ती सापडली की माणूस गेलाच. मी पानं फाडून द्यायची, आई तंदुरात टाकायची. धूर कसला म्हणून शेजारी विचारतील, म्हणून वर नान भाजायची. चार दिवस आम्ही ते नान खाल्ले."

मी विचारलं, हे लिहून घेऊ का?

"घे. माझं नाव घाल. आता मला कोण नेणार?"

त्यांनी सही केली.

शुक्रवारी ओताबेकनं तो कागद दोनदा वाचला. वाईट त्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं मान वर केली नाही.

"ओपा," मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "मला शिक्क्याचा कागद लागतो. म्हातारीच्या आठवणीवर रस्ता थांबत नाही."

मी तिथून थेट तेराकलीला गेले आणि त्या घराच्या दारात बसले. घर पाडायचं यंत्र सुरू झालं तरी उठले नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या दोन बायकांनी माझ्या काखेत हात घालून मला ओढत बाजूला नेलं. मी त्यांना काय काय बोलले, आठवत नाही.

रविवारी पुन्हा रिश्तोनला गेले. सांगायला तोंड नव्हतं, पण बुवींनीच विचारलं.

"पडलं?"

"पडलं."

"लगेच?"

"नाही बुवी. भिंती जाड होत्या. दुपार झाली."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही.