दोन दांड्यांची सवत

मित्रांनो, मत्सर करू नये असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे. पण तुमच्यापासून काही लपवावे असे मला वाटत नाही. मी गवत कापणारी एक जुनी गाडी आहे, आणि गेल्या वर्षभरात मी जितकी जळले तितके पेट्रोलसुद्धा माझ्या पोटात कधी जळले नसेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी मला चाके लावली, कुणी पोटाखाली पाती बसवली, कुणी हातात धरायला गोल स्टिअरिंग दिले. शेवटी एका बाईने माझ्यावर सीट ठोकली. पत्र्याची सीट, वर दोन बोटे जाड फोम आणि खाली दोन आखूड स्प्रिंगा. तिने सीटवर थाप मारली आणि म्हणाली, "टिकेल." बसणाऱ्याला बरे वाटेल की नाही, हे तेव्हा कुणी विचारले नाही. मलाही ते सुचले नाही.

तिथून मी एका निवासी शाळेत आले. शाळेचे मैदान सहा एकरांचे. पूर्वी तिथे फळबाग होती. झाडे काढली, खड्डे बुजवले, पण माती दरवर्षी थोडी थोडी खचत राहिली. त्यात उंदरांनी बिळे केली. दुरून पाहिले तर हिरवा गालिचा, आणि जवळ गेले तर जागोजागी पोचे आलेले पातेले!

या मैदानाचे माळीकाका अंगाने किडकिडीत आणि बोलायला कमी. पहिल्या दिवशी ते माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून आले, तेल तपासले आणि मग सीटवर बसले. त्यानंतर चौदा वर्षे त्यांच्याशिवाय माझ्यावर कुणी बसले नाही. रंगाने काळी, चालताना डुलते आणि दिवसभर गवत खाते, म्हणून मुलांनी माझे नाव 'म्हैस' ठेवले. काकांना आधी राग आला. पुढे तेही सकाळी किल्ली फिरवताना म्हणू लागले, "चल गं म्हशी." मला ते नाव आवडू लागले. एकदा मैदान पाहून पाहुणे म्हणाले, "किती सुरेख राखलंय!" तेव्हा काकांनी माझ्याकडे बोट दाखवले होते.

संध्याकाळी शेडमध्ये आलो की काका खाली उतरत, माझ्या बॉनेटवर तळहात ठेवत आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत. बॉनेट तापलेले असले तरी हात काढत नसत. मला वाटे, यांचा माझ्यावर किती जीव आहे! दिवसभर मी त्या दोन मिनिटांसाठी राबत असे.

गेल्या थंडीत काका सलग अकरा दिवस आले नाहीत. आले तेव्हा कमरेला पट्टा होता. त्यांच्या मागोमाग शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, शेडमध्ये आल्या.

"काका, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली मी. या गाडीवर तुम्हाला आता बसू देता येणार नाही."

"मग मैदान कोण कापणार?"

"बाहेरच्या माणसांना काम देऊ. तुम्ही फुलझाडं सांभाळा."

काका पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "फुलझाडं कुणीही सांभाळेल, बाई. मैदान माझं आहे. ते काढून घ्यायचं असेल तर मला घरीच बसवा."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग तुमच्या पाठीला झेपेल अशी गाडी शोधा. पण निवडायची तुम्हीच. नाही सापडली तर माझा नाइलाज आहे."

'या गाडीवर' म्हणे! मी तिथेच उभी होते, मला कान नव्हते की काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी गाड्यांच्या दुकानाचा विक्रेता ट्रकमधून तीन नव्या गाड्या घेऊन आला. मोठ्या बाई बघायला आल्या होत्या, आणि त्याच दिवशी काकांची लेकही सुट्टी घेऊन आली. ती शहरात बस चालवते. आवाज मोठा, खांदे रुंद, आणि गाडी म्हटली की आधी तिच्या खाली वाकून बघायची सवय.

त्या तिघी गाड्या ट्रकमधून उतरल्या तेव्हा माझा विश्वासच बसेना. त्यांना स्टिअरिंग नव्हते! मांडीच्या दोन्ही बाजूंनी दोन दांड्या. दोन्ही पुढे ढकलल्या की गाडी पुढे, एक पुढे आणि एक मागे केली की गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरणार. "याला झिरो-टर्न म्हणतात," विक्रेता म्हणाला. झाडाला वळसा घालायला मला तीनदा मागेपुढे व्हावे लागते, ते काम या नाचऱ्या गिरकी घेत करणार होत्या. आल्याच होत्या नटून!

विक्रेत्याने फाटकाजवळच्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवली. "बघा काका, लोण्यासारखी चालते!"

"डांबरावर माझी बससुद्धा लोण्यासारखी चालते, दादा," लेक म्हणाली. "मागच्या मैदानात घ्या. पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यात जास्त खड्डे आहेत, तिथे."

विक्रेत्याचा चेहरा पडला आणि माझा खुलला.

पहिली गाडी लाल. काकांनी दांड्या एकदम ढकलल्या तशी ती उसळी मारून थेट फुलांच्या वाफ्यात शिरली. मोठ्या बाई दोन पावले मागे सरल्या. टाकीपाशी जाऊन काका परत आले ते टोपी वाटेत टाकून. "माझे दात जागेवर आहेत का बघ गं," ते लेकीला म्हणाले. लाल गाडी बाद झाली.

दुसरी पिवळी. तिची सीट सोफ्यासारखी फुगलेली, हात टेकायला दोन्हीकडे गाद्या. मोठ्या बाईंना ती फार आवडली. लेक स्वतः तिच्यावर बसून एक चक्कर मारून आली आणि मान हलवू लागली. "मऊ आहे, बाई, पण नुसती मऊच. गादी दबली की खाली पत्रा. थोडा वेळ बरं वाटेल, दुपारपर्यंत पाठीचे बारा वाजतील." पिवळीही गेली.

तिसरी हिरवी होती. सीटखाली जाड स्प्रिंग आणि धक्का जिरवणारी नळी, पाय ठेवायच्या पाटाखाली रबर, मागची चाके चांगली गरगरीत. काका बसले, टाकीपर्यंत गेले आणि ओठ आवळून परत आले.

"हीसुद्धा कडकच आहे. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास." त्यांनी शेडकडे पाहिले. "मला आपली म्हैसच बरी."

मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले! त्या हिरवीकडे मी असे पाहिले की माझ्या जागी माणूस असता तर त्याने वेडावून दाखवले असते.

पण लेक गप्प बसणारी नव्हती. ती सीटखाली वाकली, तिथली एक खुंटी तिने बोटाने चाचपली आणि विक्रेत्याला विचारले, "दादा, तुमचं वजन किती?"

"पंच्याण्णव. का हो?"

"आणि सकाळी ही कुणी चालवली?"

"मीच."

"मग बरोबर. सीट तुमच्या वजनाला लावलेली आहे. माझ्या बाबांच्या पंचावन्न किलोंना ती दबणार कशी? आणि चाकांत किती हवा भरलीय, दगड झालेत नुसते. पुस्तकात काय लिहिलंय ते बघा."

विक्रेत्याने पुस्तक काढले. हवा खरेच जास्त होती, ती कमी केली. लेकीने खुंटी फिरवली, सीट थोडी पुढे ओढली, दांड्या काकांच्या हाताच्या उंचीला आणल्या. "आता जा, बाबा. आणि दांड्या मनगटानं ढकला, खांद्यानं नाही. खड्डा दिसला की वेग कमी."

काका गेले. टाकीपाशी पोचले. गाडीची चाके वरखाली होत होती, पण काकांची मान स्थिर होती. त्यांनी एका जुन्या खोडाभोवती गिरकी घेतली. मग दुसरीकडे घेतली, तिथे काही नव्हते तरी! ते जवळ आले तेव्हा मी पाहिले, काका हसत होते.

चौदा वर्षांत माझ्यावर बसून ते कधी हसले नव्हते.

तेव्हा मी काय काय मनात आणले ते सांगायला लाज वाटते. हिचा पाती फिरवणारा पट्टा तुटावा, हिला गांधीलमाशी चावावी, हिच्यावर वीज पडावी! गाडीला माशी चावून काय होणार, एवढाही विचार मला सुचला नाही. मत्सरात अक्कल आधी जाते.

पण काका उतरून म्हणाले, "बरी आहे ही. तरी म्हशीतही काय वाईट आहे? चौदा वर्षं चालवलीच ना?"

"मग चालवा की," लेक म्हणाली. "हीच वाट, हीच चक्कर. मी बघते."

मोठ्या बाई नको म्हणत होत्या, पण काकांनी एकदाच म्हणून किल्ली फिरवली. एरवी मी थंडीत खोकते, त्या दिवशी पहिल्या फटक्यात सुरू झाले. सगळा जीव एकवटला. दोरी लावावी तशी सरळ ओळ कापली. पण जमीन जिथे खाली जाते तिथे चाक जाते, आणि माझ्याजवळ धक्का ठेवून घ्यायला जागाच नव्हती. आला तसा तो मी वर पाठवत होते. प्रत्येक खड्ड्याला काकांच्या तोंडून बारीक "हं" निघत होते. ते मी चौदा वर्षे ऐकत आले होते. मला वाटे, काम करताना काका काहीतरी गुणगुणतात.

आम्ही परत आलो. काका उतरले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"बाबा, हे काय?" लेकीने विचारले.

"काही नाही गं. उतरल्यावर कंबर लगेच सरळ होत नाही. दोन मिनिटं टेकलं की होते."

"रोज?"

"रोजच."

मित्रांनो, जिला मी माया समजत होते ती कळ होती. ती कळ मीच देत होते, आणि ती सोसायला काका माझाच आधार घेत होते.

लेक जवळ आली. आता ही मला बोलणार असे वाटले. तिने फक्त माझ्या सीटचा फोम दाबून पाहिला. "हिचा काही दोष नाही," ती म्हणाली. "हिला बनवलंच असं." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

हिरवी शाळेत राहिली. तुम्हाला वाटेल, एवढे कळल्यावर माझा मत्सर गेला असेल. छे! कळणे वेगळे आणि जळणे वेगळे. मुलांनी तिचे नाव 'भिंगरी' ठेवले. काका तिला रोज धूत, पोटाखालचे गवत खरवडून काढत. सकाळी म्हणत, "चल गं भिंगरे." ते ऐकले की माझा गंज वाढत असावा. माझ्यावर ताडपत्री पडली. एक चाक बसले. वसंतात एका मांजरीने माझ्या सीटवर तीन पिल्ले घातली. त्या दोन बोटे फोमवर कुणाला तरी सुख लागले एकदाचे!

काकांचा पट्टा मात्र सुटला. मैदान त्यांच्याकडेच राहिले, आणि रिकाम्या वेळात ते घमेल्याने माती आणून एकेक खड्डा भरू लागले. हे मी ताडपत्रीच्या फटीतून पाहिले. बरे वाटले, आणि वाईटही वाटले की हे सगळे माझ्याशिवाय घडते आहे.

मग एके दिवशी काकांनी ताडपत्री ओढली. पिल्ले मोठी होऊन केव्हाच निघून गेली होती. काकांनी मला धुतले, तेल बदलले, पात्यांना धार लावली, चाकात हवा भरली. मला वाटले, भिंगरी बिघडली! पण ती तर शेजारीच उभी होती, ठणठणीत. दुपारी एक बाई आल्या. त्यांची रोपवाटिका होती, आणि तिथल्या सपाट हिरवळीसाठी त्यांना जुनी गाडी हवी होती.

"कशी आहे हो गाडी?" त्यांनी विचारले.

आता काका माझी स्तुती करतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

"सीट कडक आहे," काका म्हणाले. "सपाट जागेवर चालवा, खड्ड्यात नको. बसायला जाड उशी घ्या आणि तासाभरानं उतरून चाला. थंडीत खोकते, घाई करू नका, दोनदा किल्ली फिरवा. डावीकडं किंचित ओढते. ओलं गवत तिला आवडत नाही. उजव्या चाकाजवळ टिकटिक ऐकू आली तर घाबरू नका, ती पहिल्यापासून आहे. पण टिकटिक थांबली तर मात्र बघा. आणि काम झाल्यावर पोट साफ करा. गवत तसंच राहिलं तर रुसते."

बाई हसल्या. "एवढं सगळं कसं लक्षात राहतं तुमच्या?"

"घरच्या माणसाचं लक्षात ठेवावं लागत नाही," काका म्हणाले.

माझे दोष इतक्या मायेने सांगितलेले मी प्रथमच ऐकत होते. त्यात एकही शब्द चढवून सांगितलेला नव्हता. शेजारी भिंगरी चकचकीत अंगाने उभी होती. तिची एकही खोड काकांना अजून पाठ नव्हती. त्या क्षणी मला वाटले, आज ही माझ्यावर जळत असेल.

आता मी रोपवाटिकेत आहे. इथली जमीन सपाट आहे आणि बाई जाड उशी घेऊन बसतात. मित्रांनो, कुणासाठी एखादे यंत्र आणाल तेव्हा आधी त्या माणसाला त्यावर बसवा, तो जिथे काम करतो तिथेच चालवू द्या, आणि उतरला की त्याच्या पाठीला विचारा, तोंडाला नको. तोंड "बरं आहे" म्हणते. आणि आमच्यासारखी यंत्रे जुनी झाली तर खुशाल नवी आणा, पण ताडपत्री टाकून विसरून जाऊ नका. आमच्या खोडी लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या हाती देताना त्या नीट सांगा, म्हणजे नव्या दारातही कुणीतरी आम्हाला ओळखेल.