तिसऱ्या खेपेचे शिसे

शनिवारी पेरुनिका आजीच्या अंगणात मुंगी शिरायलाही जागा नसे. डॅन्यूबच्या दोन्ही काठांवरची माणसे सकाळपासून येऊन बसत. कुणाचे मूल झोपेत किंचाळत होते, कुणाची सून दोन महिने घुमी झाली होती, आणि एका शहाण्याने तर दूध आटलेली शेळी दोरीने ओढत आणली होती. आजीचे निदान सगळ्यांना एकच. अंगात भीती शिरून बसते आणि ती वितळलेल्या शिशानेच बाहेर निघते.

त्या शनिवारी अंगणाच्या मधोमध तिपाईवर स्तामेना बसली होती. तिला महिना-दीड महिन्याने आकडी येई. तिच्या डोक्यावर लाल कापड होते आणि कापडाच्या वर झिवानच्या मिलुन्का मावशीने पाण्याचे पातेले धरले होते. झिवान म्हणजे स्तामेनाचा नवरा, मासेमार. तो कुंपणाला टेकून हातातली टोपी चुरगाळत उभा होता.

"भीतीबाई, भीतीबाई, आलीस तशी जा! कुत्र्याकडून आलीस तर कुत्र्याकडे, वाऱ्याकडून आलीस तर वाऱ्याकडे!" आजीने चुलीवरची लोखंडी पळी उचलली आणि शिसे पाण्यात ओतले.

चर्र झाले, वाफ उसळली, लोकांनी श्वास रोखले. आजीने पाण्यातून काढलेला गोळा सगळीकडून काटेरी होता.

"हा बघा कुत्रा! जबडा वासलेला!"

"मला कधी कुत्रा चावला नाही, आजी," कापडाखालून स्तामेना म्हणाली.

"पाळण्यात असताना भुंकला असेल, पोरी. तुला कुठून आठवणार?"

दुसऱ्या खेपेला काटे कमी झाले. तिसऱ्या खेपेला शिसे पाण्यात अलगद पसरले आणि गुळगुळीत, चकचकीत थेंब होऊन बसले. अंगणभर हुंकार उठला. मिलुन्का मावशीने क्रूसाची खूण करून डोळे पुसले.

"निघाली भीती," आजी म्हणाली. "आता चाळीस दिवस आकडीचं नावही काढायचं नाही, डॉक्टरची पायरी चढायची नाही, आणि हिला आजारी म्हणून वागवायचं नाही. घरातली सगळी कामं करू दे. नाहीतर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

झिवानने मान डोलावली. खरे तर त्याने डोलावायला नको होती. दर हिवाळ्यात तो जाळ्याची वजने स्वतः ओततो. शिसे त्याच्या हातचे आहे. बादलीत सांडलेला थेंब कधी काटेरी होतो आणि कधी गोल, हे त्याच्याइतके त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हते. पण त्या दिवशी त्याने या ज्ञानाकडे चक्क डोळेझाक केली. त्याला बायको बरी व्हायला हवी होती आणि त्याहून जास्त, वसंतातली ती सकाळ विसरायची होती.

त्या सकाळी तो तिला तालुक्याच्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टर ग्रुबाच यांनी वीस मिनिटे घेतलेला मेंदूचा आलेख पाहिला आणि मान वर न करताच सांगितले, "आलेख स्वच्छ आहे. काही झालेलं नाही."

"डॉक्टर, आधी मला जळक्या रबराचा वास येतो," स्तामेना म्हणाली, "मग पोटातून काहीतरी वर चढतं, आणि—"

"वास मलाही येतो, बाई. खाली खानावळ आहे." मग ते झिवानकडे वळले. "काय हो, घरी भांडण झालं की येते का ही आकडी? मूलबाळ नाही म्हणता? मग बरोबर. बायकांचा जीव नाजूक. शांत झोपेच्या गोळ्या लिहून देतो, आणि तुम्ही जरा लाडात ठेवा."

आणि झिवान हसला. मोठ्या माणसाने विनोद केला की हातात टोपी धरलेला माणूस हसतो, तसे ओशाळे हसू. अकरा आकड्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एकही भांडणानंतर आली नव्हती. पण तो हसला, आणि स्तामेनाने ते पाहिले. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आजीच्या शिशानंतर छत्तीस दिवस सुखाचे गेले. मिलुन्का मावशी दारोदार सांगत सुटली, "पोरगी खडखडीत बरी झाली!" सदतिसाव्या दिवशी घरोघरी भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. वर्षाचा आयवार घालायचा, म्हणजे सोललेल्या लाल मिरच्यांचा गर चार-पाच तास ढवळत आटवायचा. दरवर्षी झिवान तिच्याशेजारी बसून ढवळत असे. यंदा आजीचा हुकूम होता, आजारी म्हणून वागवायचे नाही. तो नदीवर गेला.

तो परतला तेव्हा ती चुलीपाशी पडलेली होती. शुद्ध यायची होती, आणि उजवा हात कोपरापर्यंत चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर होता.

भाजलेल्यांच्या विभागात डॉक्टर इलिन्का नावाच्या पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पट्टी बांधता बांधता विचारले, "आकडी सुरू कशी होते? हिला ती येताना कुणी पाहिलं आहे?"

"मी," झिवान म्हणाला. मग थांबताच येईना. तिची नजर कशी एका जागी गोठते, ती ओठ कसे चाटत राहते, डावा हात झग्याची गुंडी कशी चाचपतो, मग मान डावीकडे वळते आणि अंग ताठ होते. मग पाऊण तास ती त्याला ओळखत नाही. त्याने सगळे सांगितले. तो तिच्या दातांत चमचा घालतो हेही सांगितले.

"चमचा बंद. तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवायची. आणि हे जे आत्ता सांगितलंत, ते निदानाचं निम्मं काम आहे. ग्रुबाचना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"विचारलं होतं," खाटेवरून स्तामेना म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "भांडण झालं की येते का, म्हणून विचारलं होतं. तू हसलास."

झिवानने खाली पाहिले. भाजलेला हात पांढऱ्या पट्टीत उशीवर ठेवला होता. आपणच तो चुलीवर धरला, असे त्याला वाटले. आजीने एक बोट लावले असेल, ग्रुबाचने दुसरे, पण बाकीचा सगळा हात माझाच, असे त्याने मनात कबूल केले आणि त्याला रडू आले.

घरी आल्यावर तो पडवीत गेला. त्याने शिसे खूप तापवले आणि थंड पाण्याच्या पातेल्यात ओतले. काटेरी कुत्रा निघाला. पाणी न बदलता, शिसे जरा निवू देऊन पुन्हा ओतले. काटे कमी झाले. तिसऱ्या खेपेला पाणी चांगले कोमट झाले होते. थेंब गुळगुळीत बसला. दारात उभी राहून स्तामेना बघत होती.

"तुला हे आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग शनिवारी चल. आणि तो मोठा भोपळा घे."

शनिवारी अंगण नेहमीसारखेच फुललेले होते. झिवानने तिपाईवर भोपळा ठेवला, त्याच्यावर लाल कापड घातले आणि म्हणाला, "आजी, याची भीती काढा."

लोक हसले. आजी चिडली. "थट्टा करतोस? चालता हो!"

"मग मीच काढतो." त्याने चुलीवरची पळी उचलली. पहिल्या खेपेला काटे उसळले. "जबडा वासलेला कुत्रा! पाळण्यात भुंकला असेल." दुसऱ्याला काटे कमी, तिसऱ्याला थेंब गुळगुळीत. "भोपळा खडखडीत बरा झाला! आता याला कुणी आजारी म्हणायचं नाही." मग त्याने पातेले ओतून विहिरीचे गार पाणी भरले, पळी पुन्हा रसरशीत तापवली आणि चौथ्यांदा ओतले. गोळा पहिल्यापेक्षाही काटेरी निघाला. "अरेरे, पुन्हा आजारी पडला की!"

आता कुणी हसले नाही.

"आजी, तीन खेपांमध्ये पाणी का बदलत नाही?"

"आईने सांगितलंय, बदलायचं नाही म्हणून," आजी पुटपुटली. कदाचित तिला स्वतःलाही कारण ठाऊक नसावे.

स्तामेनाने डाव्या हाताने पिशवीतून भिंतीवरची दिनदर्शिका काढली. तारखांवर फुल्या होत्या. "मी दर आकडीला फुली मारते. एक्केचाळीस दिवस, अडतीस, चव्वेचाळीस. तुमच्याकडे आम्ही आकडी आली की लगेच येतो. पुढचे पाच-सहा आठवडे तसेही रिकामेच असतात, आजी. तुम्ही त्या रिकाम्या दिवसांना चमत्कार म्हणता, आणि भरलेला दिवस आला की आमचाच काही नियम मोडला म्हणता."

आजही आलेला शेळीवाला शेळी घेऊन गुपचूप निघाला. पण मिलुन्का मावशी गप्प बसणारी नव्हती. "आणि तुझा तो शिकलेला डॉक्टर? तो काय म्हणाला? काही झालेलं नाही! त्यापेक्षा माझी पेरुनिका बरी, निदान पोरीला काहीतरी झालंय हे तरी मानते!"

मावशीचे म्हणणे खरे होते. आजीच्या अंगणात ही माणसे भोळेपणाने जमली नव्हती. त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातून हाकलली गेली होती.

सोमवारी ती दोघे ग्रुबाच यांच्यासमोर बसली. इलिन्काबाईंनी सुचवलेल्या बेलग्रेडच्या मोठ्या इस्पितळात तपासणीला जायला ग्रुबाच यांचीच चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठी नाही म्हणजे पुढची चूल, पुढचा हात.

"आलेख स्वच्छ आहे, हे मी सांगितलंय," ग्रुबाच म्हणाले.

"डॉक्टर, मी वीस मिनिटं जाळं टाकलं आणि मासा लागला नाही, तर डॅन्यूबमध्ये मासे नाहीत असं म्हणायचं का?"

"तुम्ही मला वैद्यक शिकवणार?"

"नाही. तुम्ही आलेख काढलात तो आकडी नसताना काढलात. इलिन्काबाई म्हणाल्या, अशा वेळी तो पुष्कळदा स्वच्छच येतो. त्यावरून काहीच ठरत नाही. आमच्या गावात एक आजी शिशाच्या गोळ्यावरून ठरवते. तुम्ही कागदावरून ठरवलंत. माणसाला कुणीच विचारलं नाही."

ग्रुबाच यांनी खुर्ची मागे सारली. "मागच्या वेळी तर तुम्हीच हसत होता."

"हसलो होतो," झिवान म्हणाला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. "ते माझं चुकलं. त्याची शिक्षा हिच्या हाताला झाली. बघा हवं तर."

स्तामेनाने पट्टीचा हात टेबलावर ठेवला, बरोबर त्या स्वच्छ आलेखावर. ग्रुबाच यांनी हाताकडे पाहिले, मग पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी चिठ्ठ्यांचे पुस्तक ओढले, पेन उघडले आणि सवयीने झिवानलाच विचारले, "हं. सुरुवात कशी होते?"

वाचकहो, शिसे गार पाण्यात फुटते आणि कोमट पाण्यात गोल होते. त्यात भीतीही नसते आणि देवही नसतो. आकडी हा मेंदूचा आजार आहे, आणि त्यावर औषधे आहेत. ज्याला झाला आहे त्याचे आधी ऐका. जो ऐकून न घेता निकाल देतो त्याला पुरावा मागा, मग त्याच्या हातात लाल कापड असो की अंगावर पांढरा कोट.

झिवानच्या तोंडाशी उत्तर आले होते. त्याने ते गिळले.

"सुरुवात हिला ठाऊक आहे," तो म्हणाला. "हिला विचारा. ही पडल्यानंतरचं मी सांगतो."

आणि स्तामेना सांगू लागली, जळक्या रबराच्या वासापासून.